तीन पिळांची गाठ

पीळकाकांनी उभी हयात सळया बांधण्यात घालवली. स्लॅब ओतण्याआधी सळयांची जाळी करायची, जिथे सळईवर सळई येईल तिथे तार घालायची आणि आकड्याने पीळ द्यायचा. पीळ तीनच. दोन दिले तर गाठ सरकते, चौथ्याला तार तुटते. त्यांनी बांधलेली गाठ चाळीस वर्षांत कुणाला पुन्हा बांधावी लागली नाही. नाव त्यावरूनच पडलं. बायको म्हणायची, नाव अगदी बरोबर ठेवलंय, सुंभ जळेल पण यांचा पीळ जायचा नाही.

काम सुटल्यावर त्यांनी घरामागची जागा हाती घेतली. दहा पावलं लांब, सहा रुंद. पहिला महिना विटांचे तुकडे आणि काचा वेचण्यात गेला. मग माती चाळली, दोरी लावून वाफे आखले. थंडीत शेवंती, उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात कारल्याचा वेल. वेल दोरीबाहेर गेला की ते त्याचा शेंडा खुडत. झाडाला शिस्त लावावी लागते, नाहीतर ते माणसासारखं पसरतं, असं त्यांचं मत होतं.

बाग त्यांची, पण तिच्यात रमायची ती सून. नवऱ्याचा डबा भरून दिला, तो कामाला गेला, की ती बादली घेऊन मागच्या दाराने बाहेर पडे. बादलीत भाज्या-डाळी धुतलेलं पाणी असे. दिवसातला तेवढा एक तास तिचा. मोगऱ्याच्या कळ्या चाचपायची, शेवंतीशी बोलायची. पीळकाका म्हणत, गप्पांनी झाडं वाढली असती तर तुझ्या सासूने एव्हाना जंगल उभं केलं असतं. सासू आतून म्हणे, जंगलच उभं केलंय, त्यातलंच एक जनावर दाराशी बसलंय. सून हसायची. त्या घरात ती तिथेच हसायची.

डाळिंबही तिचंच. फुटक्या कपात तिने बी लावलं, रोप वीतभर झाल्यावर पीळकाकांनी ते जागेच्या मधोमध हलवलं. रोप जरा कललेलं होतं. त्यांनी शेजारी सळईचा तुकडा ठोकला आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर तारेने रोप त्याला आवळलं. तीन पीळ. रोप सरळ झालं.

दुसऱ्या थंडीत सुनेला दिसलं की तारेच्या वर खोड फुगलंय आणि खाली तसंच बारीक आहे. तिने विचारलं, "बाबा, तार जरा सैल करायची का?"

"मी बांधलेल्या गाठींवर लोक डोक्यावर छप्पर घेऊन झोपतात," पीळकाका म्हणाले. "तू बादली सांभाळ."

तिने पुन्हा विषय काढला नाही. पुढे साल तारेवरून वाढली, तार दिसेनाशी झाली आणि सगळेच ती विसरले.

तिसऱ्या उन्हाळ्यात डाळिंब लालभडक फुललं. सून उठल्या उठल्या आधी तिथे जाऊन यायची. फळं धरली, लिंबाएवढी झाली आणि गळायला लागली. पानं पिवळी पडली. पीळकाकांनी माती उकरून पाहिली, मुळं पाहिली, पानं उलटी करून कीड शोधली. आपलं काम त्यांनी ओळीने तपासलं, कुठे चूक नव्हती. मग उरली ती बादली.

ते जेवताना बोलले, मुलासमोर. साबणाचं खरकटं पाणी ओतलंस, म्हणाले. सुनेने सांगितलं की भाज्या-डाळी धुतलेल्या पाण्याशिवाय दुसरं पाणी तिने कधी घातलं नाही.

"तुझ्या हातचं पाणी झाडाला सोसत नाही," ते म्हणाले. "उद्यापासून मागच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

मुलगा ताटात बघत राहिला. सासूने सुनेच्या ताटात भाजी वाढली. त्याहून जास्त तिच्या हातात काही नव्हतं.

सुनेला ते खरं वाटलं, हे सगळ्यात वाईट. तिने बादली राखेने घासली, दुसऱ्या दिवशी पुन्हा घासली. कडेला साबण राहिला असेल का, असं सासूला चार-चारदा विचारायची. मोगरा बहरला तेव्हा ती खिडकीच्या गजांमागून बघत होती. कळ्या पीळकाका तोडत. परडीत नेम धरून टाकावं तशा टाकत.

पावसाळा संपेपर्यंत झाड वाळलं. थंडीत त्यांनी करवत लावली. गुडघ्याएवढ्या उंचीवर करवत किंचाळली, दोन दात उडाले. त्यांनी छिन्नीने खोड फोडलं. आत तार होती, लाकडात बोटभर रुतलेली, चहूबाजूंनी गळा आवळून. तिन्ही पीळ जसेच्या तसे होते.

पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, गाठ सरकली नाही. दुसरी गोष्ट जरा उशिराने लक्षात आली. सळईला वाढ नसते. ते तिथेच मातीत बसले.

खिडकीतून सुनेने विचारलं, "बाबा, पाण्यानेच गेलं का हो?"

त्यांनी तार रुतलेल्या तुकड्यावर पाय ठेवला.

"पाण्यानेच."

तुकडा त्यांनी खताच्या खड्ड्यात पुरला. आठवड्याने नवं रोप आणलं, काठी रोवली आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन रोप बांधलं, मधून बोट जाईल असं. मान वर केली तर सून खिडकीत. ती चिंधीकडे बघत होती. बराच वेळ.

"आता सैल बांधता?" ती म्हणाली.

ते उठले आणि हात धुवायला गेले. तिने ती घासून लख्ख केलेली बादली त्याच दिवशी माळ्यावर टाकली.

उन्हाळ्यात पीळकाकांची कंबर गेली. डॉक्टरांनी महिनाभर पडून राहायला सांगितलं. बायकोचे गुडघे आधीच गेलेले, मुलगा अंधार पडल्यावर घरी येणारा. तिसऱ्या दिवशी खाटेवरून त्यांना मोगऱ्याची पानं दिसली, दुपारच्या उन्हात कागदासारखी वळलेली. पलीकडे नव्या रोपाने मान टाकली होती. सून कपड्यांच्या घड्या घालत होती. आयुष्यात कधी काढला नव्हता तो आवाज त्यांनी काढला.

"पोरी, मोगऱ्याला बादलीभर पाणी घाल. त्या रोपालाही."

तिने घडी पुरी केली. कडा जुळवल्या.

"माझ्या हातचं पाणी झाडाला सोसत नाही, बाबा."

मग ती उठली, त्यांच्यासाठी पेला भरून आणला आणि उशाशी ठेवला. घसा कोरडा पडला होता. ते पाणी प्यायले. ती रिकामा पेला घेऊन आत गेली. जाताना एकदा खिडकीशी थांबली, मोगऱ्याकडे पाहिलं, पदर डोळ्यांना लावला आणि ऊन येतं म्हणून खिडकी लावून घेतली.