श्रीलंकेचा पंचविसावा जिल्हा

मधू कारखानीस रागावले की अंबरनाथ पूर्वेच्या त्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळायचं. माणसं पाण्यावरून भांडतात, पार्किंगवरून भांडतात. हे गृहस्थ नकाशावरून भांडायचे. टीव्हीवाल्यांनी अंदमान भलतीकडे सरकवलं, कुठल्या पुस्तकात लक्षद्वीप छापायचंच राहिलं, की झालंच. वय सदुसष्ट, सकाळ-संध्याकाळ बीपीची गोळी, पण आवाज असा की सुनेत्राकाकू, म्हणजे त्यांची बायको, आधी खिडकी लावून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "आज कोणतं बेट बुडवलं?"

पस्तीस वर्षं त्यांनी अंबरनाथच्याच एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढली. यंत्रांची ड्रॉइंग करायची. रेघ केसभर हलली तर सुटा भाग बसत नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. ज्याच्या हातून चूक होते त्याला दयामाया नाही, असा त्यांचा खाक्या होता. हाताखालची दोन पोरं त्यांच्या बोलण्याला वैतागून नोकरी सोडून गेली होती, आणि मधुकाका ती गोष्ट अभिमानाने सांगायचे.

निवृत्त झाल्यावर ते स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना घरीच भूगोल शिकवू लागले. फी नाही, फक्त वेळेवर यायचं. त्यांत जिज्ञासा सगळ्यात आवडती. ती जवळच्या जांभूळ गावची, शेती करणाऱ्या मोतीबाईची मुलगी. तीन वर्षं स्कूटीवरून येत होती आणि एक दिवससुद्धा उशिरा आली नव्हती. त्या वर्षी लिपिकाची भरती निघाली. पुढच्या महिन्यात जिज्ञासाची वयोमर्यादा संपणार होती. म्हणजे ही परीक्षा शेवटची.

निकाल लागला आणि ती एका मार्कानं गेली.

उत्तरपत्रिका भरतीवाल्यांच्या उत्तरांशी ताडून पाहिली तेव्हा तो मार्क कुठे गेला ते कळलं. प्रश्न होता, श्रीलंकेत एकूण जिल्हे किती? जिज्ञासानं लिहिलं होतं पंचवीस. भरतीवाल्यांच्या मते चोवीस.

मधुकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. श्रीलंका तर त्यांनी तिच्याकडून या डायनिंग टेबलावर घोटून घेतली होती. इंग्रजांनी १८३३ मध्ये पाच प्रांत पाडले, १८८९ पर्यंत त्यांचे नऊ झाले. स्वातंत्र्यानंतर कारभार प्रांतांकडून जिल्ह्यांकडे आला, आणि मग एकेक जिल्हा फुटत गेला. १९६१ ला बट्टिकलोआतून अंपारा, १९७८ ला कोलंबोतून गंपाहा, आणि १९८४ च्या फेब्रुवारीत जाफनाचा दक्षिणेकडचा भाग कापून किलिनोच्ची, पंचविसावा.

"म्हंजे आपला ठाणा तोडून पालघर केला, तसाच ना काका?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

"अगदी तसंच," काका खूश होऊन म्हणाले होते. "लोकांना वाटतं जिल्हे म्हणजे डोंगर, आहेत तिथे आहेत. अगं, माणसं पाडतात ते. पाडले की नकाशा बदलायचा असतो."

तिनं हरकत नोंदवली. आठवड्यानं मोबाइलवर उत्तर आलं. ते तिनं काकांच्या टेबलाशी उभं राहूनच मोठ्यानं वाचलं. "हरकत फेटाळण्यात येत आहे. आधार, 'शेजारी देशांचा भूगोल', अद्ययावत आवृत्ती, पान बासष्ट."

"अद्ययावत!" काका ओरडले. "चाळीस वर्षं मागे आहे तो मूर्ख! कोण लेखक आहे हा? मुलीच्या जन्माचं वाटोळं केलं गाढवानं! उभा करा त्याला माझ्यासमोर, कान उपटतो त्याचा!"

सुनेत्राकाकू या वेळी खिडकी लावायला उठल्या नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते तुमचं पुस्तक आहे."

खरंच होतं. १९८३ साली, लग्नाआधी, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका प्रकाशकासाठी त्यांनी हे गाइड लिहून दिलं होतं. तेव्हा जिल्हे चोवीसच होते. पुढे त्यांना त्या गाइडची लाज वाटू लागली, घरात प्रतसुद्धा ठेवली नाही, नावही विसरून गेले; ते लक्षात राहिलं होतं काकूंच्या. दर वर्षी होळीला प्रकाशकाकडून घियर यायची, ताटाएवढी सिंधी जिलबी, आणि सोबत एक चिठ्ठी. जूनची आवृत्ती छापायची आहे, काही बदल असल्यास लिहा. काका एका हातात घियरचा तुकडा धरून दुसऱ्या हातानं 'बदल नाही' लिहायचे, सही करायचे आणि आणणाऱ्या माणसाच्या हातीच ती परत पाठवायचे. हे पुस्तक कोणी विकत घेत असेल असं त्यांना कधी वाटलंच नाही. दुसऱ्यांच्या नकाशात चुका शोधणाऱ्या या माणसानं स्वतःचं पुस्तक बेचाळीस वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं.

तरी राग कुठेतरी काढायलाच हवा होता. ते रिक्षा करून उल्हासनगरला गेले. म्हातारे शेठ वारले होते, गादीवर त्यांचा मुलगा भावेश होता.

"नवीन कव्हर लावता, अद्ययावत म्हणून छापता, लाज नाही वाटत?" काका दारातूनच सुरू झाले.

"काका, गरम मत हो," भावेश म्हणाला. "बसा आधी. आपण काय ड्रॉइंग-भूगोलवाले आहोत का? आप लिखके देते हो, हम छापते हैं." त्यानं कपाटातून एक जाड फाइल काढली. "पप्पांनी सगळ्या ठेवल्यात. ये देखो."

बेचाळीस चिठ्ठ्या. प्रत्येकीवर त्यांचं ते ताठ, ड्राफ्ट्समनचं अक्षर. पहिली मार्च १९८४ ची, किलिनोच्ची जिल्हा होऊन जेमतेम महिना झाला होता तेव्हाची. काही कागदांवर तुपाचे डाग होते. काकांनी फाइल मिटली. भावेशनं चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते जिज्ञासाला घेऊन भरतीच्या कार्यालयात गेले. रात्रभर खपून त्यांनी पत्र लिहिलं होतं. १९८३ पासून छापल्या जाणाऱ्या या पुस्तकाचा लेखक मीच आहे, पान बासष्टवरची माहिती चुकीची आहे, चूक सर्वस्वी माझी आहे. असलं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. सोबत श्रीलंकेचा ताजा नकाशाही जोडला होता.

साहेबानं पत्र वाचलं, बाजूला ठेवलं.

"तुम्ही लेखक आहात हे मान्य. पण आम्ही आधार पुस्तकाचा घेतलाय, तुमचा नाही. छापील पुस्तकात पंचवीस असतं तर गोष्ट वेगळी."

"अहो, मीच सांगतोय ना, माझं पुस्तक खोटं आहे!" काका इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. "खोटं आहे! जाळून टाका ते!"

"मग बेचाळीस वर्षं छापू कशाला दिलंत?" साहेबानं विचारलं. त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. खऱ्या उत्तराची वाट पाहावी तसा तो थांबला, आणि मग त्यानं पुढची फाइल ओढली.

काका पायऱ्या उतरून खाली आले. घशाशी आलेल्या शिव्या कोणाला द्यायच्या तेच कळेना. कारखान्यातून निघून गेलेली ती दोन पोरं त्यांना आठवली. इतकी वर्षं दुसऱ्याचा एक आकडा चुकला म्हणून माणसाला फाडून खाल्लं, आणि आपण काय केलं? त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"जिज्ञासा, मला काहीतरी बोल," ते म्हणाले. "शिव्या घाल. मोतीबाईंना घेऊन ये, त्यांनाही घालू देत."

जिज्ञासा स्कूटीची चावी हातात घेऊन उभी होती. रडून झालेलं असावं, डोळे कोरडे होते.

"बाहेर क्लासला जाणाऱ्या सगळ्या पोरींनी तेच पुस्तक घेतलेलं, काका," ती म्हणाली. "त्यांचं चोवीस बरोबर धरलं. मीच नाय घेतलं. म्हटलं, मी तुमच्याकडं शिकते, मला पुस्तक कशाला पायजे?"

तिनं स्कूटी स्टँडवरून काढली, मागची सीट हातानं पुसली आणि म्हणाली, "बसा. ऊन लागतंय तुम्हाला."