नऊ गोलांनंतर

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग कलबुर्गीला झाली. फौजेत घराजवळची पोस्टिंग मिळणं हे नशीब समजतात. माझं गाव मेहकर, भालकी तालुक्यातलं. रविवारी सुट्टी मिळाली की आईच्या हातची भाकरी खाऊन परत येता यायचं.

शाळा-कॉलेजातल्या एनसीसी कॅडेटांना ड्रिल, हत्यार आणि नकाशा शिकवायला पलटणींमधून हवालदार पाठवतात. त्यांना पीआय स्टाफ म्हणतात. आम्ही तसे सहाजण होतो. सरहद्दीवर असताना काय करायचं ते मला शिकवलेलं होतं. चौदा वर्षांच्या पोराला ओरडल्यावर त्याचे डोळे भरले तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

मी स्वतः शाळेच्या ट्रूपमधूनच फौजेत आलो. आमच्या घरात माझ्याआधी दहावी झालेलं कुणी नव्हतं. भालकीच्या एका मास्तरांनी मला खाकी वर्दी घालायला लावली, परेडला उभं केलं आणि भरतीला पाठवलं. नोकरीत असताना बाहेरून बी.ए. केलं. खेड्यातल्या शाळेला ट्रूप मिळणं म्हणजे काय, हे त्यामुळे मला कुणी सांगावं लागत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतरचा कॅम्प गाणगापूरजवळच्या एका मैदानावर लागला. सकाळी पीटी, मग ड्रिल, फायरिंग, दुपारी क्लास, संध्याकाळी खेळ, रोल कॉल. माझ्याकडे करजगी भागातल्या एका हायस्कूलचा ट्रूप होता. नवाच मंजूर झालेला. सगळी शेतकऱ्यांची पोरं. कॅम्पमध्ये त्यांना सगळे करजगीवाले म्हणत. त्यांचे मास्तर तापानं घरी होते, म्हणून पोरांची पूर्ण जबाबदारी माझी.

कलबुर्गी शहरातल्या एका मोठ्या शाळेचा ट्रूप हवालदार विलास चौगुलेकडे होता. चौगुले कोल्हापूरकडचा, दुसऱ्या पलटणीचा, तिच्या फुटबॉल टीमचा सेंटर हाफ. आमचा तंबू एकच होता. मी ‘जायलोय’, ‘करायलोय’ म्हणालो की तो हसायचा.

“मर्दा, तुम्ही कन्नड बोलताय का मराठी, ते एकदा ठरवा.”

“दोन्ही बोलतो. तुला एक तरी नीट येते का?”

एवढंच आमचं भांडण. बाकी माणूस साधा होता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याच्या आणि माझ्या ट्रूपची फुटबॉल मॅच लागली. शहरातल्या पोरांच्या पायात स्टड असलेले बूट होते. माझ्या पोरांनी कबड्डी आणि कुस्ती खेळलेली. बॉल जिकडे जाईल तिकडे दहाच्या दहा पळायची. कॅप्टन नागनाथ गोलकीपर होता, नववीतला, हात मोठे. त्यानं पुष्कळ बॉल अडवले. तरी हाफ टाइमला स्कोअर नऊ-शून्य होता.

कॅम्पचे सुभेदार साहेब मैदानाच्या कडेला उभे होते. हिमाचलचे, कमी बोलणारे. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

“बस. सेकंड हाफ में कोई गोल नहीं. बच्चे हैं.”

चौगुले सावधानमध्ये होता. “साहब, गोल बंद मत कीजिए. मैं रिजर्व लड़के उतारता हूँ. जिन्हें कभी चान्स नहीं मिला.”

“गोल नहीं. ऑर्डर है.”

“जी साहब.”

परत जाताना तो मला म्हणाला, “हे वाईट होणार बघ.”

“कामून? नऊ बसले. अजून किती पाहिजेत तुला?”

“किती बसले त्याचा प्रश्न न्हाई. पोरास्नी गोल मारू नका म्हटलं की ती चेष्टाच करत्यात.”

मला ते पटलं नाही. मला साहेबांचा निर्णय दयेचा वाटला. चौगुलेला गोलांची चटक लागलीय, असंच तेव्हा मनात आलं.

दुसरा हाफ सुरू झाला. शहरातल्या पोरांनी ऑर्डर पाळली. बॉल आपसातच फिरवायला लागली. कडेला बसलेल्या कॅडेटांनी पास मोजायला सुरुवात केली, मोठ्यानं, कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु. माझी पोरं बॉलमागे धावत होती आणि आकडा वाढत होता. मग त्यांचा एकजण सगळ्यांना चुकवून थेट गोलपर्यंत गेला. बॉल रेषेवर थांबवला, नागनाथकडे बघितलं आणि बॉल मागे मारून दिला. मैदानावर टाळ्या पडल्या. पलीकडे त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून शेंगा सोलत होता.

मी चौगुलेकडे बघितलं. तो मैदानात घुसून ओरडला, “ए! नीट खेळा!” पोरांना कळेना. गोल मारायचा नाही आणि नीट खेळायचं म्हणजे काय करायचं?

शिट्टी झाली. स्कोअर नऊ-शून्यच राहिला. नागनाथनं शेक हँड केला, खाली बघून.

रोल कॉलला करजगीवाल्यांनी ‘हजर’ एवढंच म्हटलं. जेवताना एरवी तीन वेळा भात घेणारी पोरं एकदा घेऊन उठली. त्यांच्या तंबूपाशी गेलो तर आतलं बोलणं थांबलं. मी बुटांना पॉलिश करा असं सांगितलं आणि परत आलो.

सकाळी पीटीच्या फॉल इनला करजगीचा ट्रूप नव्हता. तंबूत बिछाने नीट घड्या घातलेले. मी वायरलेस सेट हातात घेतला.

“गेट, मी करजगी ट्रूप. माझी पोरं बाहेर गेली का? ओव्हर.”

“नेगेटिव्ह. गेटमधून कुणी गेलेलं नाही. ओव्हर.”

मग दुसरा आवाज आला. “वेस्ट पोस्ट बोलतोय. तारेखालची माती उकरलीय. पावलं नदीच्या दिशेनं.”

पश्चिमेला भीमा.

सुभेदार साहेब पुढे आले. “कर्नल साहब शाम को आ रहे हैं. लंच तक लड़के वापस चाहिए. उसके बाद मुझे लिखना पड़ेगा.”

लिहिणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. अख्खा ट्रूप कॅम्प सोडून पळाला असं वर गेलं, तर नव्या ट्रूपची मंजुरी टिकणं अवघड. करजगीकडच्या मागच्या वर्गातल्या पोरांना ती वर्दी दिसलीच नसती. मी काही बोलायच्या आत चौगुलेनं मोटरसायकल काढली होती.

आम्ही आधी नदीवर गेलो. संगमाच्या घाटावर सकाळच्या आंघोळी चालू होत्या. मी पाण्याकडे बघत होतो, माणसांकडे नाही. कपडे धूत बसलेल्या एका बाईला चौगुलेनं विचारलं.

“अक्का, खाकीतली पोरं दिसली का?”

“व्हय की. आंघुळी केल्या आन् देवळाकडं गेली. भुकेजली असतील.”

मी पटकन गाडीवर बसलो.

देवळाकडची वाट, लॉज, फुलांची दुकानं असं करत एका धर्मशाळेत पोहोचलो. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंनी अन्नदान ठेवलं होतं. पंगत बसली होती आणि त्या पंगतीत माझा पूर्ण ट्रूप खाकीमध्ये मांडी घालून बसला होता. एक वाढपी बाई त्यांना कौतुकानं विचारत होती, “मिलिटरीतले ना रे तुम्ही? घ्या अजून, लाजू नका.” पोरं माना खाली घालून जेवत होती.

मी ओरडणार होतो. चौगुलेनं माझा हात धरला, टोपी काढली आणि नागनाथच्या शेजारी पानावर बसला. बाईनं त्यालाही वाढलं. मग मीही बसलो.

“कुठं निघालाय?” चौगुलेनं विचारलं.

“घरी जायलाव, सर. दुपारच्या बसनं.”

“नऊ गोल बसले म्हणून?”

नागनाथनं पहिल्यांदा वर बघितलं. “न्हाई सर. आमच्याकडं कुस्तीत रोज कोण ना कोण चित होतंय. चित करणारा हात देऊन उठवतो. छातीवर बसून शेंगा खात न्हाई.”

चौगुलेचा घास हातातच राहिला.

मी म्हणालो, “नागनाथ, तुम्ही गेलात तर ट्रूप जाईल. मागच्या वर्गातल्या पोरांना ही वर्दी मिळणार नाही.”

“ह्याच वर्दीत हसलेत सर आम्हाला.”

पंगतीत ताक फिरत होतं. चौगुले ते प्यायला आणि बोलला.

“हे बघ. नऊ गोल मी शिकवलेल्या पोरांनी मारले. त्याची मला लाज न्हाई. दुसऱ्या हाफची आहे. तो हाफ आज पुन्हा खेळायचा. माझी पोरं सगळ्या ताकदीनं खेळतील. कदाचित वीस होतील.”

“वीस?”

“होतील. मी खोटं सांगणार न्हाई.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटच्या पानावरचा बारकासा पोरगा म्हणाला, “आन् आम्ही एक मारला तर?”

“मारून दाखव. माझी पोरं देणार न्हाईत.”

नागनाथ हसला. कॅम्पमध्ये आल्यापासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. “सर, जेवण पुरं करू का आधी? बाईनं लाडू आणते म्हटलंय.”

लंचच्या आधी ट्रूप फॉल इनमध्ये उभा होता. चौगुलेनं सुभेदार साहेबांना सगळं सरळ सांगितलं, शेंगांसकट.

“ऑर्डर मेरा था,” ते म्हणाले. “मैच कराओ.”

तारेखालून गेल्याबद्दल पोरांना मैदानाला पाच राउंड पडले. ते त्यांनी तक्रार न करता मारले.

संध्याकाळी चौगुलेनं आपल्या अकरापैकी सात राखीव पोरं उतरवली. त्यांना तो एवढंच म्हणाला, “पूर्ण खेळायचं. कुणी दात काढले तर कॅम्प संपेपर्यंत लंगरची भांडी घासेल.” त्या राखीव पोरांना आयुष्यात पहिल्यांदा मॅच मिळाली होती. ती जीव तोडून धावली. माझीही धावली. कडेला कुणी पास मोजले नाहीत. मोजायला सवडच नव्हती.

पाच गोल आणखी झाले. आम्हाला एकही करता आला नाही. पण शेवटी शेवटी त्या बारक्या पोरानं लांबून एक फटका मारला आणि शहराच्या त्याच शेंगावाल्या गोलकीपरला तो अडवण्यासाठी आडवी उडी घ्यावी लागली. उठला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा काळ्या मातीनं माखला होता. करजगीवाले असे ओरडले की बाहेरून येणाऱ्याला वाटावं, हेच जिंकले. मॅच संपल्यावर तो गोलकीपर स्वतः चालत नागनाथकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

सुभेदार साहेबांनी मला विचारलं, “स्कोर?”

“चौदह-शून्य, साहब.”

“और तुम्हारा ट्रूप?”

“लंगर में है, साहब. दूसरी बार चावल ले रहा है.”

वर काही लिहिलं गेलं नाही. तो ट्रूप आजही आहे.

टेन्युअर संपल्यावर चौगुले पलटणीत परतला. दुसऱ्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका पोस्टवरून गस्तीवर निघाला असताना बर्फाचा कडा कोसळला. सगळ्यांना एकत्र बांधलेल्या रस्सीवर तो सर्वांत मागे होता. पुढचे वाचले. त्याला शोधायला दोन दिवस लागले.

मी आणि नागनाथ त्याच्या गावी गेलो. नागनाथ तेव्हा बारावीत होता, भरतीची तयारी करत होता. हार घातलेल्या फोटोसमोर आम्ही दोघांनी सॅल्यूट केला. वहिनींनी चहा दिला. मी त्यांना कॅम्पची हकीकत सांगितली. त्या पदराला हात पुसत ऐकत होत्या.

“घरीपण असंच,” त्या म्हणाल्या. “सुट्टीवर आले की पोरीबरोबर कॅरम. तिला रोज हरवायचे. ती रडायची, मी भांडायची. एवढीशी पोर, एकदा सोडा की डाव. तर म्हणायचे, ती खेळतीय, मी कसा सोडू?”

त्यांची मुलगी दाराला धरून उभी होती. तिसरी-चौथीतली असेल.

“मी हरवलंय त्यांना,” ती नागनाथला म्हणाली. “जाताना शेवटचा डाव मी जिंकला.”

नागनाथ खाली वाकला. “खरंच?”

“खरंच. त्यांनी सोडला नव्हता.”