तव्यावरचं टोपण

आमच्या गाडीला मामा चारचौघांत ‘कोंबड्यांचं खुराडं’ म्हणाला आणि बाबांनी ते मनाला लावून घेतलं. भांडण एवढंच. शेतीवाडीचं नाही, मानपानाचं नाही, तर एका तिसऱ्या हाताच्या पांढऱ्या गाडीवरून! बाबा मूळचे कोकणातले, नाकावर माशी बसू न देणारे. आईला म्हणाले, “तुझ्या दादाच्या दारात आता पाऊल ठेवणार नाही.” हे कुणीतरी इमानदारीनं गासला, म्हणजे मामाच्या गावी, त्याच्या कानावर घातलं. मग मामा म्हणाला, “तर मी तरी त्यांची पायरी कशाला चढू?” झालं. दोन घोडे पाण्यापाशी उभे, प्यायला एकही तयार नाही.

हाल झाले ते आईचे. आम्ही बोळिंजला राहायचो. तिथून गास ते केवढं! रिक्षात बसून पदर सावरेपर्यंत माहेर यायचं. पण ती एकटी जायला तयार नसे. “दसऱ्याला सोनं द्यायला गेले आणि गाव विचारेल, जावई कुठेत? काय सांगू, रुसलेत म्हणून?” मामा तिच्याहून मोठा, आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे तोच. दसऱ्याच्या संध्याकाळी ती आपट्याची पानं ताटात घेऊन गॅलरीत उभी राहायची, आणि मला त्या दोन्ही पुरुषांचा असा संताप यायचा की एकेकाला धरून हलवावं.

मी कॉलेजात होते त्या वर्षी बाबा जरासे विरघळले. जरासेच हं! म्हणाले, “तुला गासच्या वेशीपर्यंत गाडीनं सोडतो. तू आत जाऊन ये. मी गाडीतच बसेन.” आई नुसतं “बरं” म्हणाली. आमची आई एका शब्दात कधी ऐकणारी नव्हे, पण माझ्या तेव्हा ते ध्यानातच आलं नाही.

दसऱ्याला सकाळी बाबांनी गाडी गुलमोहराखालून काढून गेटपाशी आणून लावली. एका हाकेत सुरू झाली होती, हे मी स्वतः ऐकलं. ते आंघोळीला वर गेले आणि आईनं गाडीची पूजा मांडली. झेंडूचे हार, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. बॉनेट उघडून इंजिनालाही हळदकुंकू आणि अक्षता. बाबांची हत्यारांची पेटी तर आदल्या रात्रीच देवापुढे बसलेली होती. आमच्या इमारतीत सगळ्यांकडे तसंच. त्या दिवशी पाना-पक्कडीला हात लावायचा नाही, त्यांनाही वर्षातून एक सुट्टी असते.

आम्ही नटूनथटून बसलो. बाबांनी किल्ली फिरवली.

खर्र खर्र खर्र खर्र. इंजिन जोरात फिरतंय, पण धरत काही नाही. परत तेच. बॅटरी ठणठणीत होती, नाहीतर एवढं फिरलंच नसतं. बाबांनी चोक ओढला, चोक सोडला, पायानं पंप मारून मारून पेट्रोलचा नुसता वास पसरवला. तोपर्यंत इमारत खाली उतरलीच. गाडी बंद पडली की ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही तेही मेकॅनिक होतात. एक म्हणाला, “पेट्रोल चढत नसेल.” बाबांनी हातानंच नळी ओढून दाखवली, पेट्रोल येत होतं. दुसरा म्हणाला, “धक्का मारा.” मारला. कडक इस्त्रीचे शर्ट घामानं भिजले, झेंडूचा हार तुटला, गाडी ढिम्म. तिसऱ्या काकू म्हणाल्या, “लिंबू डाव्या चाकाखाली ठेवलंत की उजव्या?”

“प्लग काढून बघायला हवा, करंट येतो की नाही,” बाबा म्हणाले आणि पेटी आणायला वळले.

“पूजेतली हत्यारं? आज?” आई म्हणाली. “सनासुदीचं काहीतरी अभद्र करू नका हो.”

नाक्यावरची गॅरेजंही त्याच कारणानं बंद. बाबा बॉनेटसमोर हात बांधून उभे, पुरते चिडलेले. तेव्हा आई मला सहज म्हणावं तशी म्हणाली, “मामाला फोन लाव.”

“खबरदार!” बाबा ओरडले.

“गाडीसाठी बोलावतेय. तुमच्यासाठी नाही.”

मामाकडे भाजी वाहायची जुनी पेट्रोलची जीप होती, आणि ती चालते याचं सगळं श्रेय त्याच्या शिव्यांना आणि पान्यांना होतं. तो स्कूटरवरून आला. बाबांकडे बघितलं नाही. बाबांनीही गुलमोहराकडे बघायला घेतलं. मामानं डिकीतून फडकं काढलं, ते उलगडलं आणि आत प्लगचा पाना. पान्यावर ताजं हळदकुंकू, मुठीला झेंडूची पाकळी चिकटलेली.

बाबांचं लक्ष गेलंच. न राहवून म्हणाले, “पूजेतला उचललात?”

“बहिनीची गाडी आडली,” मामा इंजिनाशीच बोलल्यासारखा बोलला. “देव काय त्यावर रागावनार हाय?”

बाबा गुलमोहर सोडून बॉनेटजवळ आले.

मामानं प्लग काढला, वायरला लावून इंजिनाला टेकवला. “भावोजी, मारा किल्ली.” बाबा निमूटपणे आत बसले. इंजिन फिरलं, ठिणगी नाही. मग मामा त्या काळ्या टोपणाकडे वळला, ज्याच्याखालून सगळ्या प्लगांना करंट वाटला जातो. दोन क्लिपा दाबून त्यानं ते उचललं. आत पाणीच पाणी. मी अगदी शेजारी होते म्हणून मला दिसलं, पाण्यात एक तांदळाचा दाणा होता. हळदीनं पिवळा झालेला.

मामानं एकदा आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मामानं तो दाणा नखानं उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

“पूजेआधी गाडी धुतली असंल. पानी गेलंय आत,” तो बाबांना म्हणाला. “पुसून भागनार नाय. तव्यावर शेकायला लागंल.”

“द्या, मी शेकून आणते,” मी हात पुढे केला.

“तू जाळशील. मीच येतो.” आणि टोपण फडक्यात धरून ‘पायरी कशाला चढू’ म्हणणारा मामा सरळ आमचा जिना चढायला लागला. मागोमाग बाबा. आई खालीच, गाडीला टेकून उभी. मी मात्र वर पळाले, असला तमाशा कोण सोडेल?

स्वयंपाकघरात दोघे गॅससमोर उभे होते. मंद आचेवर भाकरीचा तवा, तव्यावर ते टोपण. मामा ते बोटांनी उलटत होता.

“अहो, करपेल हो!” बाबा.

“भाकरी हाय का करपायला?”

“तुमचा काय भरवसा! गाडीला खुराडं म्हणणारा माणूस तुम्ही!”

मामाला हसू फुटलं. बाबांनी दोन मिनिटं रागीट तोंड टिकवायचा प्रयत्न केला, पण जमेना. देवापुढच्या ताटातलं आपट्याचं पान उचलून ते म्हणाले, “सोनं घ्या, दादा. सोन्यासारखे राहा.” मामानं ते तव्याच्या वाफेनं ओल्या झालेल्या हातात घेतलं आणि बाबांना वाकून नमस्कारच करायला गेला. “अहो, मोठे तुम्ही!” म्हणत बाबांनी त्याला धरलं. मला रडू आवरेना.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मामानं स्कूटर आमच्याकडेच ठेवली, तो त्या खुराड्यात बाबांच्या शेजारी बसला आणि आम्ही गासला गेलो. वेशीवर कुणी उतरलं नाही. आई मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसली होती.

पुढे गाडी भंगारात गेली. मग काही वर्षांनी बाबा गेले, आणि मागच्या पावसाळ्यानंतर मामाही. त्याच्या तेराव्याहून परतल्यावर आई भाकऱ्या थापत होती. एकाएकी म्हणाली, “त्या दसऱ्याचं आठवतं का गं? पानी मीच घातलं होतं. दोन क्लिपा तर काढायच्या. दादाची जीप अशीच पावसात बंद पडायची, लग्नाआधी बघितलेलं. तुझ्या बाबांनी मला वेशीवर उतरवलं असतं, तर ते दोघं जन्मात बोलले नसते. दोघांना शेवटपर्यंत कळलं नाही, माहितीय?”

मी तिला अक्षतेचा दाणा सांगितला. मामानं तो कसा खिशात टाकला, ते सांगितलं.

तिचा हात पिठात तसाच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, मी पुढे होऊन गॅस बंद केला. आई खिडकीबाहेर बघत होती.

“ऑक्टोबरचं ऊन होतं गं,” ती म्हणाली. “बॉनेट नुसतं तापलेलं. टोपन तर खाली उन्हातच सुकलं असतं.”