रतनबाईचं मेण

रतनबाई लोणावळ्याला आली ती लग्न होऊन. माहेर इंदुरीचं. नवरा हौशीराम मुंबईच्या एका कापूसवाल्या शेठच्या बंगल्यावर ड्रायव्हर होता. बंगला तुंगार्लीच्या वाटेवर, आणि त्याच्या मागं गॅरेजला लागून या दोघांची एक खोली. शेठ शनिवारी रेल्वेनं यायचे आणि सोमवारी परत जायचे. मधले सगळे दिवस हौशीराम त्या काळ्या मोटारीच्या मागंपुढं असायचा.

चहा घ्यायच्या आधी तो मोटारीपाशी जायचा. नुसतं पाणी ओतून आधी तांबडा चिखल सोडवायचा, कारण चिखलावर फडकं फिरवलं तर रंगावर चरे पडतात. मग भिजवलेले रिठे चोळून फेस काढायचा, तो हलक्या हातानं लावायचा, धुऊन टाकायचा आणि मऊ कातड्यानं थेंब न थेंब टिपायचा. मोटार वाळली की सावलीत घेऊन तिला मेण लावायचा. रतनबाई उंबऱ्यात बसून भाजी निवडताना हे बघायची. आपल्या नवऱ्याचे हात इतके हळुवार चालतात हे तिला मोटारीकडे बघूनच कळलं होतं. तेव्हा ती मनातल्या मनात चिडायची आणि स्वतःलाच हसायची.

हसू संपलं ते मेणामुळं. मेण यायचं वलवणच्या धरणामागच्या डोंगरातल्या वाडीवरून. तिथला शिदू कड्यावरची मधमाश्यांची पोळी काढायचा आणि त्याची बायको चिमाबाई मेण वितळवून, गाळून त्याच्या वड्या करायची. हौशीराम ते आणायला वर चढून जायचा आणि उतरून आला की तास तासभर त्याचा चेहरा निराळाच असायचा.

"लय हुशार बाई हाय," एकदा जेवताना तो म्हणाला. "मेन नुसतं हुंगती आन् सांगती, कंच्या फुलावरचं हाय ते."

रतनबाईनं त्याच्या ताटात भाकरी टाकली. हौशीरामनं तिच्यासाठी पानात बांधून पोळ्याचा तुकडा आणला होता. तो तिनं मागच्या दारी मुंग्यांना टाकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं कधी आपल्याला हुशार म्हटलं नव्हतं. सुगरण म्हणाला होता, कष्टाळू म्हणाला होता. हुशार कधीच नाही.

"पुडच्या बारीला मीबी येते वर," ती म्हणाली.

"चढ लय हाय. तुला न्हाई झेपायचा."

त्या रात्री तिला झोप आली नाही. चिमाबाईला नवरा आहे, पोरं आहेत, हे तिला ठाऊक होतं. तरी डोळ्यांपुढं कड्याखालची एक झोपडी यायची, चुलीवर मेण वितळत असायचं आणि हौशीराम समोर उकिडवा बसून ऐकत असायचा.

एका सोमवारी हौशीराम शेठना सोडायला टांग्यानं स्टेशनवर गेला. मोटारीचं चाक पंक्चर होतं, म्हणून ती अंगणातच उभी होती. तेवढ्यात चिमाबाई स्वतःच फाटकातून आत आली. उंच, अनवाणी, डोक्यावर पाटी. तिनं रतनबाईकडे बघून मान हलवली आणि सरळ मोटारीपाशी जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला.

"चांगलं बसलंय मेन," ती म्हणाली. "हौशीभाऊंचा हात बरा हाय."

तो तळहात मोटारीवर होता, पण रतनबाईला तो नवऱ्याच्या पाठीवर पडल्यासारखा वाटला. तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"आता मेन नगं. शेठनी दुकानातला डबा आनाय सांगितलाय. पुन्ना यिऊ नगंस."

चिमाबाईनं हात काढून घेतला. डोक्यावरची पाटी सावरली आणि आली तशी निघून गेली.

शेठनी असं काही सांगितलं नव्हतं. आता ते खरं करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी रतनबाई बाजारात गेली आणि मोटारीचं सामान विकणाऱ्या दुकानापुढं उभी राहिली. दुकानदाराला वाटलं, ती वाट चुकली असेल.

"मोटारीला लावायचं मेन दावा," ती म्हणाली.

त्यानं कपाटातून दोन डबे काढले. "हे जुन्या, मळकट रंगासाठी आहे. घासून वरचा थर काढतं. आणि हे नुसतं मेण. लावायचं, वाळू द्यायचं, पुसायचं. नव्या गाडीला हे पुष्कळ."

रतनबाईनं दोन्हीतलं थोडं थोडं कागदावर मागून घेतलं. घरी तिची लग्नातली काळी पत्र्याची पेटी होती. झाकणाच्या एका कोपऱ्यावर तिनं एक चोळलं, दुसऱ्यावर दुसरं आणि मधे आपल्या केसांचं खोबरेल. खोबरेल चमकलं, पण संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ चिकटून बसली. घासायच्या मलमानं झाकणावरची रंगवलेली फुलंच निघून गेली. नुसत्या मेणाच्या कोपऱ्यावर मात्र पाणी टाकलं की थेंब गोळा होऊन घरंगळायचे. तिनं तो डबा घेतला आणि नवऱ्याला सांगितलं, "चिमाबाई आलती. मेन सरलंय म्हनाली."

हौशीरामनं विश्वास ठेवला. डब्यातलं मेण लोण्यासारखं लागायचं, फार रगडावं लागायचं नाही. "सोपं हाय की गं हे," तो म्हणाला. काम लवकर उरकायचं, मग तो उंबऱ्यात तिच्याजवळ बसून चहा प्यायचा. रतनबाईला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. फक्त चहा पिताना तो कधीमधी डोंगराकडे बघायचा आणि तेव्हा ती आपला कप खाली ठेवायची.

मग तिकडं विलायतेत लढाई सुरू झाली. हळूहळू दुकानातले डबे संपले. "बोटीनं माल येत नाही बाई," दुकानदार म्हणाला. शेवटचा डबा हौशीरामनं बोटानं खरवडून वापरला. त्यातच शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. पाहुणे लोणावळ्याला उतरणार होते आणि मोटार तर पार निस्तेज झाली होती.

"वाडीवर जाऊन बघतो," हौशीराम पायताण घालत म्हणाला. "एवढ्या दिसांत मेन झालंच आसंल."

रतनबाई घाईनं उठली. तो गेला तर सगळं उघडं पडणार होतं. "तुमी गाडी धुवा. मी जाते," ती म्हणाली आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता निघाली.

चढ खरोखरच मोठा होता. वर पोचली तेव्हा तिला बोलवत नव्हतं. चिमाबाई झोपडीपुढं नाचणी पाखडत होती. तिनं आधी पाणी दिलं. मग विचारलं, "शेठनी न्हवतं ना सांगितलं? तूच म्हनलीस."

"व्हय."

"का?"

दम लागलेला असताना खोटं बोलणं जमत नाही. "तुजं नाव घेतलं की त्यांचं तोंड उजळतं," रतनबाई म्हणाली. "माज्यासाठी न्हाई कवा उजळलं."

चिमाबाई हसली नाही. सूप बाजूला ठेवून ती तिच्यासमोर बसली. "मी काय बोलले ते नीट ऐकनारं मानूस हितं कोन येतं?" ती म्हणाली. "त्यो ऐकायचा. मला बरं वाटायचं. तेवढंच. पर बरं वाटायचं, हे खोटं कशापायी सांगू?"

रतनबाईला राग यायला हवा होता. आलाही. पण एवढं सरळ बोलणाऱ्या बाईशी भांडायचं कसं हे तिला सुचेना.

"मेन हाय का?" तिनं विचारलं.

"हाय. पर नुसती वडी घासत बसलीस तर लगीन उरकंल. हिकडं ये."

चिमाबाईनं पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळवलं आणि ते थंडावताना कसं ढवळायचं ते दाखवलं. रतनबाईला दुकानातल्या डब्याचा वास आठवला. तो रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा होता. बंगल्यात रंगाऱ्याची उरलेली बाटली होती. घरी येऊन तिनं वड्या तशाच वितळवल्या, चुलीपासून लांब, अंगणात, कोमट मेणात टर्पेंटाइन थोडं थोडं घातलं आणि पेटीच्या झाकणावर लावून बघितलं. पहिल्यांदा फार पातळ झालं, मग घट्ट, मग हवं तसं.

मोटारीला लावता लावताच तिनं नवऱ्याला सांगितलं. "चिमाबाईला मीच यिऊ नगंस म्हनले हुते."

हौशीरामचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. अर्धं बॉनेट पुसून झाल्यावर तो म्हणाला, "मग आता तूच जात जा." तो रागावून म्हणाला की नाही, हे तिला कधीच नीट कळलं नाही.

लग्न पार पडलं. पेट्रोल रेशनवर आलं, शेठनी मोटार विटांवर चढवून ठेवली. हौशीरामला वडगावला जाणाऱ्या, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या बसवर काम मिळालं. त्या बसची काजळी सगळ्या गाडीला चिकटायची. त्याच्या गाडीचं बघून दुसरे ड्रायव्हर विचारू लागले. रतनबाई मेण जरा मऊच करायची, कारण त्या लोकांना रगडत बसायला वेळ नसायचा. सिगारेटच्या रिकाम्या डब्यांत भरून ती मोटार स्टँडवर विकायला बसू लागली. लोक त्याला रतनबाईचं मेण म्हणत. ते कुठून येतं हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

एकदा चिमाबाई वड्या घेऊन स्टँडवरच आली. हौशीरामची बस नुकतीच लागली होती. तो खाली उतरला आणि सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत मोठ्यानं म्हणाला, "ह्या चिमाबाई. मेन ह्यांचं हाय. आमची बायकू नुसतं कालवती."

रतनबाईचे कान तापले. "गाडी काळी पडलीया, जावा पुसा," ती म्हणाली आणि त्याच्या हातात एक डबा कोंबला. तो गेला. चिमाबाईनं पदरानं तोंड पुसण्याच्या निमित्तानं हसू लपवलं. ते रतनबाईनं बघितलं.

"बस," ती तुटकपणे म्हणाली. सरकून तिनं गोणपाटावर जागा केली आणि हॉटेलवाल्याला दोन चहा आणायला सांगितलं. दोघी चहा पीत होत्या तोवर ती हौशीरामच्या बसकडे पाठ करून बसली नाही. चिमाबाईची नजर कुठं जाते ते तिला दिसायला हवं होतं.