समाधानचा चार्ट, कविताचं वजन

तीन महिन्यांनी नवऱ्याचा रिपोर्ट होता तिथेच होता आणि बायकोचं वजन चार किलोंनी वाढलं होतं.

मी आहारतज्ज्ञ. राहते जळगावला, मंगळवारी धुळ्याच्या एका फर्टिलिटी सेंटरला बसते. समोर समाधान आणि कविता. तो नरडाण्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर. दोष त्याच्या बाजूला होता. शुक्राणू कमी, आणि जे होते तेही फारसे हलत नव्हते. या हालचालीला आम्ही मोटिलिटी म्हणतो. एक आयव्हीएफ फसलं होतं. आहारानेही सुधारणा दिसली नाही तर डोनरचा, म्हणजे दुसऱ्याच्या शुक्राणूंचा, विचार करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या शब्दानंतर समाधानने गुटखा सोडला होता. तो शब्द माझ्या सगळ्या लेक्चरांपेक्षा प्रभावी ठरला.

शुक्राणू तयार व्हायला जवळपास तीन महिने लागतात. म्हणून पुरुषाचा आहार ट्रीटमेंटच्या बराच आधी सुरू करावा लागतो. मी चार्ट दिला होता: रोज अंडी, डाळी, पालेभाजी, फळं, मूठभर अक्रोड-बदाम, तळलेलं बंद.

"चार्ट पाळला?" मी विचारलं.

"पाळला मॅडम," समाधान टेबलाला म्हणाला.

"कोणी?"

कविता खिडकीबाहेर बघू लागली.

त्याची आई बाहेर बाकावर होती. मी तिला आत बोलावलं. समाधानचा चेहरा परीक्षेच्या हॉलमधला झाला.

"अक्का, घरी खाण्याचं कसं चाललंय?"

अक्कांना हाच प्रश्न हवा होता. "तुमना कागदमा लिखेल बठ्ठं सूनले दिधं. एक दिन चुकनू नही. दखा, कशी भरनी."

सून खरंच भरली होती. हिमोग्लोबिनही उत्तम.

"आणि समाधान?"

"त्याले काय व्हयेल शे? तो जेवस ना रोज, शेवभाजी."

आता चूक कुठे झाली ते कळलं. त्यात माझाही वाटा होता. चार्टवर नाव घालू नका, असं समाधानने मला विनवलं होतं आणि मी ऐकलं होतं. बिननावाचा कागद घरी गेला. चार वर्षं उपास, अंगारे, गंडेदोरे सगळं कविताच्याच वाट्याला आलं होतं. अक्रोडही त्याच वाटेने गेले. खरं बोलायचं तर कारण सांगावं लागणार, म्हणून समाधान गप्प. त्याची मान खाली जायला नको, म्हणून कविता गप्प. दोघं मिळून तीन महिने अक्कांचा उत्साह बघत बसले.

पेशंटची गोष्ट त्याच्या आईलाही मी सांगू शकत नाही. मी समाधानला एवढंच म्हणाले, "बोलायचं तुम्ही. नाहीतर पुढचे तीन महिनेही असेच जातील."

पंखा फिरत होता. मी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. अशा वेळी मला नाटकातल्यासारखं थांबायला आवडतं.

"माय," तो म्हणाला, "इलाज मना चालू शे. तिन्हा नही."

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे. मग त्यांनी सुनेच्या मांडीवरचा, सकाळी स्वतः भरलेला डबा उचलला आणि मुलाच्या मांडीवर ठेवला.

"खाय," त्या म्हणाल्या.

माझ्यासमोर त्याने दोन उकडलेली अंडी आणि मूठभर अक्रोड संपवायला घेतले. कविता तेव्हा पहिल्यांदा बोलली. "आई, अर्धा अक्रोड माले राहू द्या."

अक्कांनी वाटणी केली.

आणखी तीन महिन्यांनी मोटिलिटी सुधारली. शुक्राणूंचा काउंट थोडा वाढला. डॉक्टरांनी डोनरचा विषय काढला नाही, पुढच्या आयव्हीएफची तारीख दिली. पुढे मुलगी झाली. त्यात अक्रोडांचा वाटा किती आणि सुटलेल्या गुटख्याचा किती, हे मला ठामपणे सांगता येणार नाही.

तेव्हापासून चार्ट देण्याआधी मी एकच विचारते, घरी ताट कोण वाढतं? त्या व्यक्तीला सोबत आणा, आणि चार्ट कोणाचा हे तुम्हीच तिला सांगा. हे ऐकलं की बहुतेक नवऱ्यांना तहान लागते आणि ते पाणी प्यायला बाहेर जातात.

ते परत येईपर्यंत मी थांबते.