आडवं पडून बघा

सोनईच्या रस्त्यावरच्या लॉजवर मी धुतलेल्या चादरी पोचवतो. तिथल्या खोल्यांची साफसफाई बघणाऱ्या बाई चादर अंथरली की स्वतःच पलंगावर आडव्या होतात. नवख्याला वाटावं, कामचुकार आहेत. "पाहुणा निजून खोली बघतो, उभ्यानं न्हाई," म्हणतात.

परवा शनिवारी खाली भाविकांची बस आलेली आणि बाई पलंगावर! मालक ओरडतच वर आले, "उठा, लोकं खोळंबलीत!"

"शिडी आल्याबिगर ही खोली द्यायची न्हाई. तुमीच जरा पडून बघा, मालक."

मालक चिडून आडवे झाले. पंख्यामागं भलंमोठं जाळं लोंबत होतं. उठून शिडी आणायला तेच धावले.

आता चादर अंथरली की मालकच आधी आडवे होतात. बाई कमरेवर हात ठेवून दारातून विचारतात, "काय दिसतंय, मालक?"