एका नदीचे दोन खांब

मी चौथी पास. नवरा गेल्यावर त्याच्या जागी नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात शिपाई म्हणून लागले. कार्यालय पाण्याचं होतं. मला रेकॉर्डची खोली मिळाली. नद्यांची रजिस्टरं तिथे गाठोड्यांत बांधून ठेवत. फडकं झटकायचं, वाळवी बघायची, साहेबांनी मागितलं ते काढून द्यायचं.

नवरा कळवणकडे गिरणेची पट्टी वाचायचा. नदीत खांब पुरलेला, त्यावर मीटर-सेंटीमीटरच्या खुणा. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला जाऊन पाणी कोणत्या खुणेवर आहे ते लिहायचं. घरातलं एकही काम त्याने वेळेवर केलं नाही, पण ही वेळ कधी चुकवली नाही.

एका पावसाळ्यानंतर खांब थोडा कलला. साहेब लोकांनी खालच्या अंगाला, दोनशे पावलांवर, नवा खांब बसवला आणि सांगितलं, वर्षभर दोन्ही वाच, मग जुना सोड. नवरा घरी येऊन चिडला.

"नदी एक आन् वाचायची दोनदा! उद्या म्हनतील, माशांनाबी इचारून ये."

"मग जा की इचारायला," मी म्हणाले. "मासे तरी तुमचं ऐकत्यात का बघा."

तरी वर्षभर त्याने दोन्ही वाचले. जुन्या खांबाची रजिस्टरं लाल फडक्यात, नव्याची पांढऱ्यात. रजिस्टरवर नदी, गाव आणि वर्ष एवढंच असायचं. कोणता खांब, ते फडक्यावरून कळायचं.

पुढे तीच दोन गाठोडी माझ्या खोलीत आली. फळीवर जागा कमी होती. नदी एक, गाव एक, वाचणारा एक, मग गाठोडी दोन कशाला? मी दोन्ही सोडली, रजिस्टरं तारखेप्रमाणे लावली, एकत्र बांधली आणि वर एकच चिठ्ठी लावली. काम नीट केल्याचं मला समाधान होतं.

ऐंशी सालानंतर काही वर्षांनी कार्यालयात कॉम्प्युटर आला. त्याला थंड खोली दिली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. देवळातही इतकं गप्प कोणी नसायचं. नव्या इंजिनिअर साहेबांनी जुने आकडे त्यात भरायला घेतले. मी रजिस्टरं नेऊन द्यायची आणि दाराशी उभी राहून बघायची.

"मावशी, ह्याला नदी कळत नाही," साहेब म्हणाले. "नाव कळतं. नावाचे सहा खण. नदी कोणती, जागा कोणती, काय मोजलं, कोणत्या वर्षातलं, किती वेळाने मोजलं आणि डोळ्यांनी वाचलं की हिशेबाने काढलं."

"म्हणजे मिसळणाचा डबा."

साहेब हसले. "तसाच. पण हळदीच्या वाटीत तिखट पडलं, तर हा सांगणार नाही."

मग त्यांनी ते लांब नाव टाइप केलं. यंत्र करकरलं आणि कडेला भोकं असलेला रुंद कागद बाहेर येऊ लागला. एका ओळीत एक दिवस, सकाळी आठचा आकडा, आणि पाणी जितकं जास्त तितका ठिपका उजवीकडे. कागद व्हरांड्यात पसरला तर या दारापासून त्या दारापर्यंत गेला. पावसाळ्याचे उंचवटे, उन्हाळ्याच्या सपाट रेघा. मी चपला घालायचं विसरले. आमची गिरणा, कितीतरी वर्षांची, एक नाव घेतल्याबरोबर जमिनीवर येऊन पडली होती.

साहेबांचा चेहरा मात्र उतरला. मधल्या एका वर्षात प्रत्येक ओळीला दोन दोन ठिपके होते. आणि त्या वर्षानंतर सगळी नदी वीतभर उजवीकडे सरकली होती.

"एकाच दिवशी, एकाच वेळेला, त्याच पाण्याचे दोन आकडे," ते म्हणाले. "ही जागा विश्वासाची नाही. सगळीच गाळावी लागेल."

"पारावर बसून नदी वाचली असेल," हेडक्लार्क म्हणाले. वाचणारा माझा नवरा होता हे त्यांना ठाऊक होतं.

नवरा साधू नव्हता. पण त्याने खोटं लिहिलं नव्हतं, आणि आता त्याची सगळी वर्षं माझ्यासमोर पुसली जाणार होती. कारण माझी गाठ. गप्प राहिले असते तर ती चूक कोणाला कळली नसती.

"साहेब, चूक माझी हाय. त्यानं दोन खांब वाचले. दोन गाठोडी होती, मी एक केलं."

"आता कोणतं कुठलं, कसं ओळखणार?" हेडक्लार्कांनी विचारलं.

मी रजिस्टरं आणून टेबलावर उभी केली. लाल फडक्याचा रंग पावसात सुटायचा. जुन्या खांबाच्या रजिस्टरांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. नव्याच्या कडा कोऱ्या.

दोन दिवस आकडे वेगळे करण्यात गेले. जागेच्या खणात एका नावाला जुना खांब घातला, दुसऱ्याला नवा. मग कागद पुन्हा निघाला. त्या एका वर्षात दोन रेघा बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारख्या बरोबर चालल्या होत्या. पाणी कमी तिथे अंतर जास्त, पुरात अंतर कमी, आणि प्रत्येक पुरात तसंच. साहेब गुडघ्यांवर बसून बघत राहिले.

"मावशी, असे आकडे घरी बसून रचायला कोणालाही जमणार नाही."

हेडक्लार्क पेन्सिलीला टोक करू लागले.

साहेबांनी फरक काढून दोन्ही रेघा जोडल्या. त्या जोडलेल्या नदीलाही वेगळं नाव दिलं, शेवटच्या खणात 'हिशेबाने' असं घालून. "वाचलेलं ते वाचलेलं," ते म्हणाले. "त्यात आपलं मिसळायचं नाही."

मी गाठोडी पुन्हा वेगळी बांधली. लाल फडकं विरलं होतं, तरी तेच वापरलं. बांधण्याआधी एक तारीख शोधली, मुलगी झाली त्या सकाळची. दाई त्याला हाका मारत होती आणि तो नदीवर गेला होता. कागदावर त्या ओळीला ठिपका होता, आठ वाजताचा. मला तेव्हा त्याचा राग आला होता. थोडा अजून आहे. पण ठिपका जागच्या जागी होता.